शैलजाची मशीन आणि माझी सत्यवती आजी

गोष्ट कशी सांगावी, हे जबलपुरात कोणी शिकावं तर माझ्याकडून! विमा कचेरीत होतो तेव्हा प्रत्येक निरोपसमारंभात भाषण माझंच. एकदा तर ते ऐकून साहेब असे हमसून हमसून रडले, की मिळालेली बढती नको म्हणून सांगायला निघाले!

त्यामुळे पुतणी शैलजा आपलं पिच डेक, म्हणजे पैसेवाल्यांपुढे मांडायच्या स्लाइडा, दाखवायला आली, तेव्हा मला तिची कीवच आली. पोरीनं मटार सोलायची मशीन बनवली होती. चांगली नोकरी सोडून, घमापुरात खोली घेऊन, एकटीनं खपून. आता कारखाना काढायला इन्व्हेस्टर हवा होता. इंदूरहून हेमचंद्रजी म्हणून कोणी येणार होते. आणि ही बाई त्यांना दाखवणार काय? आलेख! तक्ते! मशीनच्या पोटातले दात!

"शैलजा, हे पिच डेक आहे की एक्स-रे?"

"काका, मशीन कशी चालते ते तर सांगावं लागेल ना?"

"काहून? मशीन पाहून कोणी रडते का?"

"पण रडवायचं काहून आहे?"

घ्या! एवढी शिकली, पण जगात काय चालू आहे याचा पत्ता नाही. सारी दुनिया ओरडून राहिली, स्टोरीटेलिंग, स्टोरीटेलिंग! मोबाइलवर एक दाढीवाला तर रोज सकाळी तेवढंच सांगतो. दुसरं त्याला काही येत असेल, असं वाटत नाही.

मी लॅपटॉप ताब्यात घेतला. आलेख उडवले. मशीन शेवटच्या स्लाइडवर, पोस्टाच्या तिकिटाएवढी. बाकी सगळीकडे एक आजी! नर्मदाकाठच्या तिलवाऱ्याची सत्यवती आजी. जन्मभर मटार सोलून बोटं झिजलेली, डोळ्यांना धार लागलेली. ही आजी मी चहा पिता पिता जन्माला घातली. फोटो मात्र आमच्या बायकोचा, सरोजिनीचा. गच्चीवर मिरच्यांचे देठ काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हाचा. फुकटात एवढं दुःख कुठं मिळतं?

हॉटेलच्या हॉलमध्ये शैलजानं पहिली स्लाइड पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काका, ही तर काकू!"

"चूप," म्हणून मी माइक घेतला.

हेमचंद्रजींची पँट फाटकी होती. फाटलेलीच विकत घेतलेली. माझ्या तिसऱ्या वाक्याला त्यांनी चष्मा काढला. पाचव्याला रुमाल. मशीनची स्लाइड येण्याआधीच उठले!

"भाईसाहब, बस! मुझे अम्मा से मिलना है। अभी!"

"अम्मा... दीक्षितपुऱ्यात... आमच्याकडेच आल्या आहेत," मी बोलून गेलो. तोंड माझं, पण ते कधी मला विचारून उघडत नाही.

घरी सरोजिनी ओट्यापाशी मटार सोलत बसली होती. हेमचंद्रजींनी सरळ तिचे पाय धरले.

"अहो, हे कोण? माझे पाय काहून धरून राहिले?"

मी खुणा करू लागलो. त्या खुणांचा तिनं अर्थ लावला की माझं पोट दुखतंय.

"अम्मा, मटर छीलते हुए आप क्या सोचती हैं?"

"यही कि आप लोग उठो तो मैं कुकर चढ़ाऊँ!"

"वाह! कितनी सच्चाई!" हेमचंद्रजींना पुन्हा हुंदका आला. मग ते शैलजाकडे वळले. "मैं पैसा लगाऊँगा। अम्मा के हाथ का छिला मटर! डिब्बे पर यही चेहरा!"

"और मशीन?" शैलजानं विचारलं.

"मशीन? वो तो अम्मा का काम छीन लेगी! इस कहानी में मशीन विलेन है, दीदी!"

सरोजिनीनं हातातली शेंग खाली ठेवली. शैलजाच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पण आवाज हलला नाही.

"सर, ये मेरी काकी हैं। सत्यवती कोई नहीं है। और मुझे मशीन ही बेचनी है।"

हेमचंद्रजी उठले. फसवणूक झाली म्हणून नव्हे हो! जाता जाता मला म्हणतात, "भाईसाहब, कहानी अच्छी थी। लड़की ने बिगाड़ दी।"

दार लागल्यावर सरोजिनीनं सगळं विचारून घेतलं. माझं पोट तेव्हा खरोखरच दुखायला लागलं.

"मी तिलवाऱ्याची म्हातारी? माझ्या डोळ्यांना धार? बसा इथं!" आणि मटारची परात माझ्यापुढे आदळली.

शैलजानं लॅपटॉप उचलला आणि गेली. ते मात्र लागलं मनाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढल्या महिन्यात ती एकटीच नागपूरला गेली, आणि कारखान्यासाठी भागीदार मिळवून आली. पेढे घेऊन आली तेव्हा मी हळूच विचारलं, "काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही, काका. मटार ओतला, बटण दाबलं."

"आणि गोष्ट?"

"कोणी विचारलीच नाही."

आता तुम्हीच सांगा, असल्या अरसिक लोकांबरोबर पोरीचं पुढं कसं व्हायचं?