डबी वाजली की

शिस्तीने जनावरही सुधारते, मग नवरा का सुधारू नये, असा साधा विचार मी श्रावणात केला.

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षे हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पारख केली. स्वतःच्या तोंडात काय जाते, याची मात्र कधीच केली नाही. गालात पांढरा चट्टा दिसताच डॉक्टरांनी बजावले, तंबाखू बंद, महिन्याने दाखवा.

आमची सून करुणा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. (म्हणजे वेतन घेते.) आवडत्या गोष्टीला नावडत्या गोष्टीची वारंवार जोड दिली, की आवडतीचाही तिटकारा येतो, असे तिच्या जाडजूड पुस्तकात आहे. तिला त्यासाठी दोन पदव्या लागल्या. मी जुनी मॅट्रिक. मला एक परिच्छेद पुरला.

ह्यांच्या तंबाखूच्या डबीचे झाकण खट्ट वाजले, की मी तत्काळ उठे, कारले किसून पिळे आणि रसाचा पेला ह्यांच्या हाती देई. कडवटपणात कसर राहू नये, म्हणून प्रत्येक वेळी आधी चमचाभर स्वतः चाखत असे. (काटेकोरपणा ह्या घरात मीच आणला.)

"आत्याबाई, चाखू नका," करुणा म्हणाली. "हे वळण कुणालाही लागतं."

तिच्याकडे लक्ष देण्याइतका वेळ मला नव्हता.

महिन्याने चट्टा नाहीसा झाला. मी भजनी मंडळातील बायकांना चहाला बोलावले आणि पतीला वळण कसे लावावे, हे समजावू लागले. "आवडनिवड ही मनुष्याला शिकवावी..." एवढ्यात आतल्या खोलीत खट्ट झाले. माझे तोंड कडू झाले, चेहरा आक्रसला, आणि वाक्य अर्धवट टाकून मी सर्वांदेखत किसणी घेऊन बसले.

मंडळातल्या पद्माबाईंनी आत जाऊन डबी उघडली. बडीशेप.

"तंबाखू डॉक्टर बोलला त्याच दिवशी सोडली," हे शांतपणे म्हणाले.

"मग डबी काहून वाजवून राहिले, भाऊजी?"

"वाजली की ही सैपाकघरात जाती. पाव घंटा घरात कुणी बोलत न्हाई."

"अन् रस?"

ह्यांनी खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे बोट दाखवले. मोगरा केव्हाच वाळला होता.

हा मजकूर लिहीत असताना डबी चार वेळा वाजली. घरात कारली संपली आहेत. तरीही मी चारही वेळा उठले.