बेबीताई, बी.ए. प्रथम वर्ष

हजेरीच्या वेळी आम्ही सगळे मान खाली घालून "येस सर" पुटपुटायचो. रोल नंबर चव्वेचाळीस मात्र ताडकन उभी राहून "हजर हाये, सर!" अशी गर्जायची की खिडकीतली कबुतरं उडून जायची.

ही बेबीताई. पन्नाशी ओलांडलेली. अंगावर कडक इस्त्रीची साडी, पाठीला सॅक, पायांत पांढरे बूट. केळापूरची. नवरा गेल्यावर तिनं बाहेरून बारावी दिली आणि यवतमाळला खोली करून थेट आमच्या वर्गात येऊन बसली. काकू म्हटलेलं तिला खपायचं नाही. "वर्गात काकू नसते. बेबी म्हण." एवढं धाडस कोणाचं होणार? शेवटी 'बेबीताई'वर तडजोड झाली.

'कमवा आणि शिका'मधून ग्रंथालयात दोन जागा निघाल्या. अर्ज द्यायला आम्ही दोघी मिळूनच ऑफिसात गेलो. क्लार्कनं माझा अर्ज ठेवून घेतला आणि तिचा परत केला.

"तुम्हाला होस्टेलच्या मेसमध्ये लावून देतो ना. पोळ्या लाटायच्या, बस."

"जलमभर पोयाच लाटल्या, भाऊ. तेच करायचं असतं तं कालेजात कायले आली असती?"

"ग्रंथालयात शिडीवर चढावं लागते."

"मी आंब्यावर चढते."

"कॉम्प्युटर येतो?"

"हिले येते का?" तिनं माझ्याकडे बोट केलं. मलाही येत नव्हता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

क्लार्क वैतागला. "अहो, ही योजना विद्यार्थ्यांसाठी आहे, काकू!"

बेबीताईनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर आपटलं. "वाच. याच्यावर काकू लिवलं हाये का?"

दुसऱ्या दिवसापासून तास संपला की ती प्राचार्यांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसायची. घोषणा नाहीत, भांडण नाही. फुटाणे खात इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. आठवडाभर मोगलांची लढाई ऐकून सरांनी तिला आत बोलावलं.

"बाई, या वयात कशाला हट्ट?"

"वयाची अट कुठं लिवली हाये ते दाखवा सर, मी आत्ता घरी जाते."

अट कुठंच लिहिलेली नव्हती. जागा मिळाली. दुसरी मला.

कॉम्प्युटर आम्ही मिळूनच शिकलो. ती की-बोर्डवर लसूण ठेचल्यासारखी बोटं मारायची. पुस्तकावर चहाचा डाग दिसला की परत करणाऱ्याला विचारायची, "घरी ताट असंच ठेवतं का बे?" मागच्या कपाटाआड जोड्या गुलूगुलू बोलत बसायच्या. त्यांना ती हाकलायची नाही, दोघांच्या हातात एकेक पुस्तक द्यायची. "वाचू नका, पण उघडं तं ठेवा."

दिवाळीआधी पुण्याहून तिचा मुलगा आला. सरळ काउंटरवरच.

"आई, काय कमी आहे तुला? लोक हसून राह्यले. चल पुण्याला. आम्ही दोघंही नोकरीवर, तुझ्या नातवाला, पिंटूला कोण पाहील?"

"हळू बोल. वाचनालय हाये."

"आई!"

"तुले आई पायजे का आया, ते आधी ठरव. मी परीक्षा देणार. मंग येईन, चार दिवस राहीन, पाहुणी म्हणून."

तो तावातावानं निघून गेला. जाताना दार आपटलं. तिनं उठून ते नीट लावलं आणि रांगेतल्या पोराला म्हणाली, "हं, तुयं कोणतं पुस्तक?"

सुट्टी सुरू होण्याच्या दिवशी मी गावी जायला मुकुटबनच्या गाडीला निघाले होते. डबा विसरला म्हणून ग्रंथालयात परत गेले. सगळं सामसूम. शेवटच्या कपाटामागं बेबीताई जमिनीवर बसली होती. हातात मोबाईल. पडद्यावर एक लहानगा मुलगा, पिंटूच असणार, हात पसरून काहीतरी सांगत होता. व्हिडिओ संपला की ती पुन्हा लावायची. आवाज पूर्ण बंद.

"बेबीताई, आता कोणीच नाही इथं. आवाज वाढवा ना."

तिनं मान वर केली नाही.

"नको. त्याचा आवाज आयकला ना, तं मी पुण्याले निंगून जाईन."