सत्तावीस मान्यवरांची किनार

वाचकहो, छत्तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या मनुष्यास संगणकाने भिववणे अशक्य आहे! ज्याने धातुरूपांचे अरण्य पायी ओलांडले, त्याला एका पानाच्या पत्रकाची काय मातब्बरी? या दृढ श्रद्धेनेच मी भगवानरावांना शब्द दिला.

भगवानराव आमचे शेजारी. रोहिणखेडच्या वाटेवर त्यांची सहा एकर कपाशी. मागल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्यांच्या बीटीची बोंडे अशी पोखरली, की बियाण्याच्या पाकिटावरचे आश्वासन तेवढे शाबूत राहिले! यंदा पतंग पकडणारे कामगंध सापळे एकट्याने टांगून भागणार नव्हते. शेजारच्या वावरातले पतंग येणारच. साऱ्या गावाने एकाच आठवड्यात सापळे लावावेत, म्हणून त्यांनी रविवारी सभा ठरवली होती.

“गुरुजी, सभेच्या पत्रकावर अळी अन् सापळा मोठ्ठा दिसला पाह्यजे,” ते म्हणाले. “दुसरं काही नोको.”

“निश्चिंत असा!”

ऑनलाइन साधनावर मी दोन दिवसांत रचना सिद्ध केली. मध्यभागी अळी अशी साक्षात, की आमच्या सौभाग्यवती वच्छलाबाईंनी पडद्यावर लाटणे उगारले!

मग वार्ता गावात पसरली. माजी सरपंच महादेवराव आले.

“गुरुजी, आमचं नाव कुठी हाये?”

“आपण सभेत बोलणार आहात?”

“बोलनं नंतरचं. नाव आधी!”

त्यांच्यामागून आजी सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि त्यांचे दोन व्याही आले. संध्याकाळपर्यंत नक्षत्रांइतके सत्तावीस मान्यवर झाले. एकालाही वगळावे, तर बाकीचे सव्वीस त्याच्या बाजूने रुसणार!

“नावं टाकसान तं अळी बारीक होईन,” भगवानराव काकुळतीला आले. “मंग लोकं वळखतीन कशी?”

“अळी तसूभरही घटणार नाही!” मी गर्जलो. बोललो खरा, जागा कोठून आणावी हे ठाऊक नव्हते.

ती मोताळ्याच्या छापखान्याचे शाकिरभाई यांनी दिली. फोनवर म्हणाले, “गुरुजी, पानाच्या चारी बाजूनं तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं घ्या. रंग तिथपर्यंत पोचू द्या. खुणा मी टाकतो.”

मी कारण विचारले नाही. शिक्षकाने कारण विचारावे, हा आमच्या पिढीचा प्रघात नव्हे! पण आनंद केवढा झाला! चहूकडे तीन मिलिमीटर, आणि तेही रिकामे! त्या पट्ट्यात मी सत्तावीस नावे बारीक अक्षरांत, साडीच्या काठासारखी गुंफली. गणनेतून बहुधा गळणारे अठ्ठाविसावे अभिजित नक्षत्र म्हणून तळाच्या कोपऱ्यात रचनाकाराचे, म्हणजे माझे.

वच्छलाबाईंनी चष्मा लावून पाहिले. “अवो, ह्या मुंग्या काऊन सोडल्या काठाले?”

“ते मान्यवर आहेत.”

“असं व्हय! मंग अळीपासून दूर ठेवले ते बरं केलं.”

शाकिरभाईंचाही फोन आला. “गुरुजी, काठाले बारीक-बारीक काय हाये ते?”

“किनार आहे.”

“नक्षीकाम! मंग हरकत नाही. छापू?”

“छापा. शुद्ध आहे.”

रविवारी सकाळी पाचशे पत्रके आली. अळी ठसठशीत, सापळा ठसठशीत, कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ. कापलेल्याच होत्या! सत्तावीसांतले एकही नक्षत्र क्षितिजावर नव्हते!

मी तत्काळ छापखान्यात फोन लावला.

“गुरुजी, ते जास्तीचं कापासाठीच असते!” शाकिरभाई म्हणाले. “कटिंग थोडं इकडं-तिकडं झालं तं पांढरी कड दिसू नये म्हणून.”

पत्रके घरोघर गेली. मान्यवरांनी ती उलटसुलट करून पाहिली, मागची कोरी बाजूही वाचली, आणि सत्तावीसही जण एकमुखाने रुसले. एकही सभेस फिरकला नाही! हार टोपलीत सुकत राहिले. शाली घडीतून निघाल्या नाहीत. भगवानराव थेट उभे राहिले, एकरी सापळे किती आणि कोठे टांगायचे हे सांगितले, आणि चाळीस मिनिटांत सभा संपली! आमच्या गावात इतक्या वेळात साधे प्रास्ताविकही उरकत नाही. शेतकरी पत्रकावरचे चित्र दाखवत सापळे घेऊन सरळ वावरात गेले.

सायंकाळी मान्यवर माझ्या अंगणात जमले.

“आमचं नाव छापलंच नाही तुम्ही!” महादेवराव कडाडले.

“छापले आहे!” मी म्हणालो, आणि शाकिरभाईंकडून मागवलेली कात्रणांची गोणी उपडी केली. अर्धा तास सत्तावीस मान्यवर उकिडवे बसून आपापली पट्टी शोधत होते. सापडली, की खिशात घालून समाधानाने घरी जात होते. माझी पट्टी मात्र कोणालाच सापडली नाही. कोणी शोधतही नव्हते.

दिवाळीआधी भगवानरावांची बोंडे पांढरीशुभ्र फुटली. पुढल्या आषाढात ते पुन्हा ओसरीवर आले.

“गुरुजी, यंदाही पत्रक तुम्हीच करा. किनार फक्त गच्च भरा. औंदा एकोणचाळीस नावं हायेत!”

मी होकार दिला आहे. माझे नाव या खेपेस आत घ्यावे की बाहेर, याचा निर्णय मात्र झालेला नाही. वच्छलाबाईंचा झाला आहे: “मुंग्यांतच राहू द्या!”