होडक्यातले व्याही

मुलीच्या साखरपुड्याच्या आमंत्रणातच हार्टविगने लिहून टाकलं होतं, की जेवणाला त्याने स्वतःच्या हाताने पकडलेला हॅलिबट मासा असेल. आता साखरपुडा संध्याकाळवर आला आणि घरात साधी कोळंबीसुद्धा नव्हती. म्हणून सकाळीच तो बायकोला, गुनवोरला, आणि ओस्लोहून आलेल्या व्याह्यांना घेऊन आपल्या बोटीत चढला. व्याही प्रेबेन दातांचे डॉक्टर होते आणि स्वभावाने फारच गोड.

"हार्टविग, आज एक शेपूटही मिळू नये तुला!" धक्क्यावरून शेजारी ओरडला. हार्टविग खूश झाला. या किनाऱ्यावर मासे धरायला निघालेल्याचं भलं असंच चिंततात.

"असं काय बोलतात हो?" प्रेबेन हळहळले. "भरपूर मासे मिळोत! खूप खूप शुभेच्छा!"

हार्टविगचा चेहरा उतरला. पण व्याह्यांना बोलायची सोय नाही. त्याने मुकाट्याने बंदरातच बोट तीनदा गोल फिरवली, तेव्हा कुठे त्या शुभेच्छा उतरल्या.

बेटांच्या पलीकडे गेल्यावर प्रेबेननी बाकाखालून पाठपिशवी काढली. पाठपिशवी, आणि बोटीत! अपशकुनच तो! हार्टविगने डोळे मिटून घेतले. उघडले तर व्याह्यांच्या हातात पाव आणि त्यावर तपकिरी चीज.

"चीज? बोटीत?" त्याचा आवाज चिरकला. "अहो, एवढ्यावरून माझ्या आजोबांनी सख्ख्या भावाला खडकावर उतरवलं होतं!"

"मग मलाही उतरवा की," प्रेबेन हसत म्हणाले.

खडक जवळपास नव्हता. मागे बांधलेलं होडकं मात्र होतं. पाच मिनिटांत डॉक्टर, पिशवी आणि चीज होडक्यात पोहोचले. वेळ जावा म्हणून गुनवोरने त्यांना एक जुना गळ दिला.

"लाज नाही वाटत?" ती नवऱ्याला म्हणाली. "मुलीचा सासरा आहे तो!"

"संध्याकाळपर्यंत नाही."

अशी बोट शुद्ध करून हार्टविगने तीन तास गळ टाकला. शेवाळ मिळालं. दुपार टळायला लागली तशी त्याला आमंत्रणातली ती ओळ आठवून घाम फुटला. तेवढ्यात मागे वळून बघतो तर दोरीची गाठ सुटलेली आणि होडकं उत्तरेकडे पळत सुटलेलं.

"व्याहीबुवा, निघालात कुठे?"

"मी नाही हो, हा निघालाय!"

पाऊण तास पाठलाग केल्यावर तिघांनी मिळून तो मासा वर ओढला. जेवणाच्या टेबलाएवढा हॅलिबट!

संध्याकाळी पाहुण्यांनी बोटं चाटली. "मासा हार्टविगचाच," प्रेबेन सगळ्यांना सांगत होते. "मी नुसता दोरीला लटकलो होतो." हार्टविगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला. "खोटं आहे," तो म्हणाला. "मी शेवाळ पकडलं. मासा चीजवाल्याने पकडला." आणि त्याने व्याह्यांना घट्ट मिठी मारली.

भांडी विसळताना गुनवोर म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. बोटीवर मला भूक लागते, म्हणून अकरा वर्षं मी लाइफ जॅकेटच्या पेटीत तपकिरी चीज लपवून ठेवतेय."

हार्टविगच्या हातून बशी सुटली. "अकरा वर्षं? म्हणजे ते मोठमोठे मासे... आणि आज?"

"काल तुम्हीच म्हणालात ना, पाहुणे येणारेत, बोट साफ कर. काढून टाकलं."

हार्टविग बराच वेळ बशीचे तुकडे गोळा करत राहिला. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाला, "उद्या मासे धरायला जाताना ते चीज परत ठेव. फक्त मला दाखवू नकोस."