पंचविसावा संगणक

रुग्णालयाची प्रगती तिथल्या संगणकांवरून ओळखावी. रुग्ण येतात नि जातात, संगणक राहतात. धंतोलीतल्या ज्या रुग्णालयात माझी बायको गेली, तिथे हे तत्त्व मनापासून पाळतात.

मारबतीचा दिवस होता. मारबतीच्या पुतळ्यांबरोबर रोगराई नि महागाई गावाबाहेर घालवायला अर्धं नागपूर रस्त्यावर आलं होतं, म्हणून बाह्यरुग्ण विभाग बंद. (सुट्टीच्या दिवशी लोक कमी मरतात, असं तिथल्या संगणक विभागाचं निरीक्षण आहे. आकडे कोणी तपासले नाहीत, पण निरीक्षण पक्कं आहे.) त्यामुळे विभागप्रमुख स्वानंद यांनी त्याच दिवशी सगळ्या संगणकांवरची कार्यप्रणालीची घरगुती आवृत्ती काढून व्यावसायिक आवृत्ती चढवायचं ठरवलं. पूर्वी यासाठी प्रत्येक संगणकापुढे माणूस बसायचा. आता स्क्रिप्ट असते. स्क्रिप्ट म्हणजे एकदाच लिहून ठेवलेले हुकूम. ते सोडले की सगळे संगणक निमूटपणे पाळतात, आणि सोडणारा चहाला जातो.

बायको सकाळी गेली. तिला शहराच्या टोकाला, बेसाला आमच्या घरी न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत घाटावर पोचवायचं. आमच्यात दिवे लागल्यावर अग्नी देत नाहीत. एवढंच काम होतं. त्यासाठी देह सोपवल्याचा एक कागद हवा होता.

काउंटरवर भूमिका नावाची मुलगी होती. मुलगी चांगली होती.

"काका, प्रिंट नाही निघून राहिली. सिस्टिम अपग्रेड होऊन राहिली ना."

"मग हातानं लिहून दे."

"हातानं लिहिलेलं खाली वॉचमन नाही मानत. मागं मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी वापस केली त्यानं. म्हणे अक्षर संशयास्पद आहे."

सावनेरहून आलेले माझे मेहुणे महादेवराव पुढे झाले. "काहून वं पोरी, आमची बाई मेली का नाही, हे आता मशीन सांगन का?"

"वारल्या आहेत हो मामा. सिस्टिममध्ये चढलं आहे तसं. फक्त बाहेर नाही येऊन राहिलं."

मग दुपार कलल्यावर स्वानंद आले. चेहऱ्यावर समाधान होतं. आवृत्ती शंभर टक्के यशस्वीपणे चढली होती. राहिला होता फक्त परवाना. परवाने देणारा सर्व्हर तळघरात, शवागाराशेजारच्या खोलीत ठेवला आहे (दोघांनाही गारवा लागतो). त्याचा नियम असा, की पंचवीस संगणकांनी मागणी केल्याशिवाय तो एकालाही परवाना देत नाही. रुग्णालयाकडे संगणक चोवीस. आणि विनापरवाना संगणकावरून कागद छापू नये, अशी प्रामाणिकपणाची एक ओळ स्वानंद यांनी स्क्रिप्टमध्ये स्वतः घातली होती. (बाकीच्या ओळी इंटरनेटवरून घेतल्या होत्या. त्या बरोबर चालल्या.)

"मंग एक कंप्युटर इकत आना ना, साहेब," महादेवराव म्हणाले.

"खरेदी समिती सोमवारी बसते."

"अन् तोवर बाई इथंच बसन का?"

स्वानंद यांनी आमच्या सगळ्या गोतावळ्यावरून नजर फिरवली. रडणारे कोण, नुसते उभे कोण, हे ते पाहत नव्हते. ते खांद्यावरच्या बॅगा पाहत होते.

"तुमच्यापैकी कोणाकडे लॅपटॉप आहे?"

होता. महादेवरावांची मेघा तो घेऊनच आली होती. आत्या गेल्याची रजा तिची कंपनी देते, पण दुसऱ्या दिवसापासून. तिने डोळे पुसले, अर्धवट राहिलेलं काम बंद केलं आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला. स्वानंद यांनी त्यावर स्क्रिप्ट सोडली. पडदा निळा झाला, आकडा चढू लागला. आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहिलो. दोघातिघांनी सवयीने हात जोडले होते. नव्याण्णववर आकडा बराच वेळ थांबला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मोकळं कर बाबा एकदाचं."

पंचविसावा संगणक मोजला गेला. चोवीसही संगणकांना एकदम परवाने मिळाले, सगळ्या मजल्यांवर प्रिंटर सुरू झाले आणि कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागद सुरेख छापला होता. खिडकीबाहेर दिवे लागले होते.

तिला रात्रभर सर्व्हरशेजारीच ठेवावं लागलं.

निघताना स्वानंद दारापर्यंत सोडायला आले. हा परवाना कायमचा नसतो, अधूनमधून मोजणी होते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग मेघाला म्हणाले, "ताई, येत जा मधूनमधून."

ही हकिगत मी सांगतो, तेव्हा लोक लक्ष देऊन ऐकतात. चोवीसच संगणक का घेतले, स्क्रिप्ट आधी एकावर का तपासली नाही, मेघाच्या लॅपटॉपवरची आवृत्ती पुढे फुकटात तशीच राहिली का, हे सगळं विचारतात. तुमच्याही मनात एखादा असा प्रश्न आला असेल. तिचं नाव काय, हा मात्र अजून कोणी विचारलेला नाही.

कौसल्या.