बस्त्यावसरांचा फ्लॅसिड

बस्त्यावसरांशी हस्तांदोलन करणं पापडी गावात धोक्याचं समजलं जातं. ते हात धरतात, डोळे मिटतात आणि दहापैकी गुण देतात. बाजूच्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी मला चार मिळाले.

"वार्ताहर ना? हात फ्लॅसिड आहे."

मी अर्थ विचारला. ती चूक होती. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, त्यात तरुणपणी फादर व्हायला दोन वर्षं सेमिनरीत काढलेले.

"फ्लॅसिड म्हणजे लुळा, ढिला. मूळ लॅटिन. फ्लाकुस म्हणजे लोंबत्या कानांचा. आधी कान लोंबले, मग बाकीचं जग."

कालचा पाव फ्लॅसिड. उन्हात ठेवलेली विड्याची पानं फ्लॅसिड. जावयाचं 'येतो, येतो' फ्लॅसिड. कुणी साडेचार मागितले तर उत्तर ठरलेलं: "अर्धा मार्क मी उभ्या जन्मात दिला नाही. जोर असतो किंवा नसतो."

"तुमचं लॅटिन कालवणात घालू का?" सरांच्या पत्नी मार्थाकाकू आतून विचारत. आजवरचे सर्वाधिक गुण, सहा, त्यांचेच.

या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. डिस्चार्जच्या कागदावर उजव्या हातापुढे एकच शब्द होता. सरांनी तो वाचला आणि कागदाची घडी केली. बोटं हलायची तर पहिल्या काही आठवड्यांत, नंतर आशा कमी, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून सरांनी तो शब्द उच्चारला नाही. कुणाचा हातही धरला नाही.

सहाव्या आठवड्यात त्यांनी काकूंना चर्चमध्ये मिस्साला आणलं. व्हीलचेअर पायऱ्यांवरून उचलायला मी सोबत होतो.

"एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या," फादर म्हणाले. चहूकडे हात पुढे झाले. सरांकडे, सवयीने, एकही नाही. त्यांनी काकूंचा उजवा हात मांडीवरून उचलला, आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटले.

"आवळ, मार्था."

पुढची प्रार्थना सुरू झाली, संपली. लोक गुडघ्यांवर आले. सर उभेच.

"पुरे आता," काकू अडखळत म्हणाल्या. "लोक बघतात. शून्य द्या नि बसा."

सरांनी डोळे उघडले.

"अर्धा," ते म्हणाले.

मी हाताभर अंतरावर होतो. बोटं हललेली मला दिसली नाहीत.