इस्माईलचाचांचं अर्धं शाकारलेलं घर

सावित्री नदीच्या पुराचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरून इस्माईलचाचांच्या ओट्याच्या खालच्या पायरीला लागलं होतं, तरी वरच्या पायरीवर बसून चाचा नमाजाआधी हातपाय तोटीच्या एका लोट्यातल्या पाण्यानंच धूत होते. लोटाही पुरता भरलेला नव्हता.

शेजारचा शिंपी म्हणाला, "चाचा, नदी दारात आलीय. आज तरी हात सैल सोडा."

"नदी अल्लाची हाय," चाचा म्हणाले. "माझ्या वाट्याला हा लोटा."

वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण. चाचा ती पाळत, आणि शेजाऱ्यांकडूनही पाळून घेत, म्हणून त्यांच्यासमोर चूळ भरायलाही लोक बिचकत.

मी पोलादपूरच्या वरच्या एका डोंगरवाडीतला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे थोरामोठ्यांविषयी लिहिताना हात जरा कचरतो. माझे आबा दर वैशाखात महाडला उतरून लोकांची कौलं परतून देत. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असे. चाचांची ओळख तिथली.

त्यांच्याकडे आंबा खाल्ला की बाठा परत द्यावा लागे. "खाल्लास तू, बाठा माझा," म्हणत ते तो खिशात टाकत आणि पोलादपूरच्या रस्त्याकडेला पुरत. झाडाचं फळ माणसानं खाल्लं, पाखरानं खाल्लं, तरी लावणाऱ्याच्या नावावर दान जमा होतं, असं त्यांचं सांगणं. रोप वीतभर झालं की बकऱ्या ते फस्त करत. चाचा खूश. "जनावरानं खाल्लं तेही दानच."

"बकरीचं जेवण वर लिहिलं जातं," चाची आतून म्हणत. "मी रांधते ते नाय."

एका वर्षी आबांनी मागच्या खोलीवरचं पहिलं कौल उचललं, तर खाली चिमणीचं घरटं आणि त्यात अंडी. चाचा शिडी धरून उभे होते.

"सखाराम, कौल होतं तसं ठेव."

"चाचा, चिमणी हाय. दुसरीकडं मांडील घर."

"पाखराची पिलं उचलली तर पैगंबरसाहेबांनी ती परत ठेवायला लावली होती. तू मला त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा करणार?"

आबा वैतागले. "माझी पेरणी हाय. उद्या वर वाडीला गेलो का परत यायचो नाय. कौलांखालच्या रिपा कुजल्यात, कौलं फुटल्यात. पाऊस काय चिमणीला इचारून पडतो?"

"पडेल," चाची दारातून म्हणाल्या. "या घरात त्यालापण परवानगी काढावी लागेल."

शेवटी आबांनी सगळं घर शाकारलं आणि मागची खोली तशीच सोडली. चाचांनी आपली बाज त्याच खोलीत नेली. का, तर मांजरावर नजर ठेवायला. "मांजराला शिकवण ठाऊक नाय," ते मला गंभीरपणे म्हणाले.

आषाढात कॉलेजला परत निघालो, तेव्हा वाटेत चाचांकडे डोकावलो. मागची खोली जागोजाग ठिबकत होती. जमिनीवर टोप मांडलेला, बाज कोपऱ्यात सरकवलेली. वर पाहिलं तर घरटं रिकामं. मला फार आनंद झाला. आता तरी चाचांच्या उपयोगी पडता येईल, असं वाटलं.

"चाचा, पिलं उडाली. आत्ता उघाडी आहे. आबांनी मला शिकवलंय, मी कौलं लावून टाकतो."

चाचा वर बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे."

"अहो, अख्खा पावसाळा भिजाल."

"भिजू दे. परत आली आन घर बुजलेलं दिसलं तर?"

चिमण्या दरवर्षी नवं घरटं बांधतात, असं काहीतरी मी समजावू लागलो आणि आधारासाठी चाचींकडे वळलो. चाचांना गप्प करावं ते त्यांनीच. त्या भिंतीपाशी उभ्या होत्या. खुंटीवर कादरचा सदरा होता. कादर त्यांचा एकुलता मुलगा, ही खोली त्याची. बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याचा काही निरोप नव्हता.

चाचींनी सदरा कोरड्या बाजूच्या खुंटीवर टांगला, आणि वाकून टोप जरा सरकवला, ठिबकणारं पाणी बरोबर आत पडेल असा.